काच खाली करा, गाणी बंद करा!

दोस्तांनो, सुट्टीत ‘चला, डोंगरात गाडीनं फिरायला जाऊ या’ असं घरात कुणी म्हटलं, की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? खंडाळ्याचा घाट, महाबळेश्वर, चिखलदरा... आणि एखाद्याचे मामा दिल्लीला असतील तर थेट मसुरी! भंडारा जिल्हा मात्र कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. ‘तिथं तांदूळ पिकतो ना?’ एवढंच भूगोलाच्या पुस्तकातलं आठवतं. फार तर आजी सांगेल, की भंडाऱ्याची पितळेची भांडी नावाजलेली असत म्हणून.

तर आज आपण त्याच भंडाऱ्याहून निघायचं आहे. गाडी कुठलीही चालेल. नवीकोरी असो, नाहीतर काकांची दार जोरात आपटावं लागणारी असो. स्टिअरिंगवर तुम्ही नाही, मोठं माणूस बसणार आहे. तुम्ही फक्त खिडकीजवळची जागा पकडा. त्यावरून भांडण झालंच तर जाताना एकाची, येताना दुसऱ्याची!

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. या रस्त्यावर नागमोडी घाट नाहीत, दरीत उतरणारे ढग नाहीत आणि वळणावळणाला भाजलेली कणसं विकणारी माणसंही नाहीत. डोंगर आहेत, पण बुटके. झाडांच्या शेंड्यांवरून जेमतेम डोकं काढणारे. ‘हॅत्, हे कसले डोंगर?’ असं म्हणण्याआधी जरा त्यांचं वय विचारा. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे, तो बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जमिनीला भेगा पडून जो लाव्हा वाहिला, त्याचा तो बनला. भंडाऱ्याच्या बाजूला आलात की हा काळा दगड संपतो. इथले खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुने आहेत! त्यातल्या एका खडकसमूहाला भूगर्भशास्त्रज्ञांनी ‘साकोली’ हेच नाव दिलं आहे आणि त्याच साकोलीला आपण चाललो आहोत. म्हणजे या डोंगरांपुढे सह्याद्री अगदी शेंबडं पोर. ऊन, पाऊस, वारा खात खात ते झिजले, वाकले, म्हाताऱ्या माणसासारखे आखूड झाले. आजोबा बुटके झाले म्हणून त्यांना कुणी हसतं का?

भंडाऱ्याहून पूर्वेकडे निघालात की लगेच लागते वैनगंगा. कारध्याच्या पुलावरून तिचं रुंद पात्र दिसतं. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी पुढे वर्धा नदीला भेटते, दोघींची मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत शिरते. या पुलापाशीच नदी डोळे भरून पाहून घ्या. हिच्याशी आपल्याला नंतर काम आहे. एका वाघाच्या गोष्टीत ती येणार आहे.

पूल ओलांडला की आपण खऱ्या अर्थानं ‘झाडीत’ शिरलो. या सगळ्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात आणि इथल्या मराठीला झाडीबोली. दिवाळीनंतर गावोगाव रात्र रात्र नाटकं चालतात, ती झाडीपट्टीची रंगभूमी हीच. रात्रीच्या थंडीत घोंगड्या पांघरून माणसं नाटक बघतात आणि पहाटे तशीच शेतावर जातात.

आता दोन्ही बाजूंना नीट बघा. शेताचे मोठे सलग तुकडे दिसणार नाहीत. छोट्या छोट्या चौकटी, प्रत्येकीला मातीचा बांध. त्यांना इथं ‘बांधी’ म्हणतात. बांधीत पाणी साठवून धान लावतात. जुलै-ऑगस्टात गेलात तर बायका गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करताना दिसतील. नोव्हेंबरात गेलात तर सगळं सोनेरी आणि कापलेल्या धानाचा तो गोड, धुळकट वास. म्हणून तर म्हणतो, काच खाली करा! एसी लावून बसलात तर हा वास नागपूरलाच राहील.

धानाला पाणी कुठून येतं? इथं आहे गंमत. भंडारा-गोंदियाला ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात. (दोन्ही मिळून पूर्वी एकच भंडारा जिल्हा होता, १ मे १९९९ला गोंदिया वेगळा झाला.) रस्त्यानं जाताना एखाद्या गावकऱ्याला तलावाचं नाव विचारा. तो म्हणेल, ‘मामा तलाव हाये.’ पुढच्या गावात विचारा, तिथंही मामा तलाव! हे मामा आहेत तरी किती? अहो, मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत. ‘मा. मा.’ म्हणजे माजी मालगुजारी. पूर्वी गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार असत. १९५०-५१च्या सुमारास मालगुजारी पद्धत कायद्यानं रद्द झाली, तलाव सरकारकडे आले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’ झाले. लोकांनी त्याचं मामा करून टाकलं. आणि तलावाहून लहान असेल तर ती बोडी.

हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाची माणसं वाकबगार. नवेगावचा प्रचंड बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानतात. डोंगरांच्या मधल्या फटी तेवढ्या मातीच्या पाळीनं बुजवल्या, की झाला तलाव! भोवतीच्या डोंगरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. सिमेंट नाही, यंत्रं नाहीत, इंजिनिअरिंगचं कॉलेज नाही. फक्त पाणी कुठून येतं आणि कुठे जाऊ पाहतं हे पायांनी फिरून ओळखलेलं. वरचा तलाव भरला की जास्तीचं पाणी खालच्या तलावात, तो भरला की त्याच्याही खालच्यात. आणि सगळ्यात वर काय? जंगल. डोंगरावर झाडी आहे तोवर पाणी मुरत मुरत, सावकाश खाली येतं. झाडी गेली तर पाण्याबरोबर मातीही येणार आणि तलाव गाळानं भरणार. म्हणजे बांधीतलं धान आणि डोंगरावरचा ऐन यांचं नातं आहे, बरं का.

नशीब चांगलं असेल तर एखाद्या बांधीत उंच, करड्या रंगाची, लाल मानेची जोडी उभी दिसेल. हे सारस. जगातला उडणारा सर्वांत उंच पक्षी, जवळजवळ तुमच्या बाबांएवढा! महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, थोडे भंडाऱ्यात. दिसले तर गाडीतच बसून बघा. फोटोसाठी बांधावरून धावत सुटलात तर ते उडतीलच, शिवाय धान तुडवल्याबद्दल शेतकरीदादांचं बोलणं खावं लागेल ते वेगळंच.

जयची गोष्ट

लाखनी मागे टाकून साकोलीकडे जाताना मोहघाट्याचं जंगल लागतं. रस्ता रुंद, गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना झाडी. या महामार्गाला आधी ६ नंबर होता, आता ५३ आहे. गुजरातेतल्या हजिरापासून कोलकात्यापर्यंतच्या वाटेवरची रहदारी इथून जाते. ट्रकांची रांग संपता संपत नाही. आपल्याला तो ‘जंगलातून जाणारा रस्ता’ वाटतो. पण तुम्ही वाघ आहात अशी कल्पना करा. तुमच्या घराच्या मधूनच कुणी तरी हा रस्ता काढलाय. स्वयंपाकघर एका बाजूला आणि पाण्याचा माठ दुसऱ्या बाजूला!

रस्त्याच्या उत्तरेला नागझिऱ्याचं जंगल. दक्षिणेला नवेगाव. पश्चिमेला वैनगंगेपलीकडे उमरेड-कऱ्हांडला, त्याचा काही भाग भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा. नकाशावर ही तीन हिरवी बेटं दिसतात. वाघाचा बच्चा मोठा झाला, साधारण दोन वर्षांचा, की त्याला आईचा मुलूख सोडून स्वतःचा शोधावा लागतो. बेटावर जागा नसेल तर दुसऱ्या बेटावर जायचं. मध्ये शेतं, गावं, नदी आणि हा रस्ता.

नागझिऱ्यात जन्मलेल्या दोन वाघभावांची नावं लोकांनी ठेवली होती जय आणि वीरू. हो, ‘शोले’मधलीच! त्यातला जय २०१३मध्ये नागझिऱ्यातून दिसेनासा झाला. सगळे काळजीत. आणि काही काळानं तो सापडला कुठे? उमरेड-कऱ्हांडल्यात! म्हणजे पठ्ठ्यानं शेतं तुडवली, महामार्ग ओलांडला आणि वैनगंगाही पार केली. सकाळी पुलावरून जी नदी पाहिलीत ना, तीच. त्याला ना पूल माहीत, ना पाट्या वाचता येत. रात्री चालायचं, दिवसा एखाद्या नाल्यात नाहीतर उसाच्या-तुरीच्या आडोशाला पडून राहायचं. वाटेतल्या किती गावांना आपल्या शेजारून वाघ गेल्याचं कळलंही नसेल.

जय तिथला राजा झाला. त्याला बघायला लांबून लांबून माणसं येऊ लागली. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली होती. तिच्यातून तो कुठं आहे याचे संकेत मिळत. एप्रिल २०१६मध्ये ते संकेत थांबले. त्यानंतर जय कुणालाच दिसला नाही. पुष्कळ शोध झाला, तर्क तर त्याहून पुष्कळ झाले; उत्तर मिळालं नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७मध्ये, त्याचा मुलगा श्रीनिवास नागभीडच्या बाजूला एका शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेनं मेला. रानडुकरांनी पीक खाऊ नये म्हणून ती तार लावलेली होती. शेतकऱ्याचं पीक रानडुक्कर एका रात्रीत जमीनदोस्त करतं, हेही खरं. पण वीज काही डुक्कर कोण आणि वाघ कोण हे विचारत नाही. माणूससुद्धा.

नागझिऱ्यात मग वाघ कमी राहिले. म्हणून २०२३च्या मे महिन्यात चंद्रपूरकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून इथं सोडल्या, पुढच्या वर्षी आणखी एक. चंद्रपूरकडे वाघ दाटीवाटीनं राहतात आणि इथं जागा आहे, असा तो हिशोब. जय पायी गेला, या गाडीतून आल्या! पण वाघ म्हणजे काही कपाटातली वस्तू नव्हे, की इथून उचलून तिथं ठेवली. त्या पुढे कुठं जातील ते त्याच ठरवतात.

झरीच झरी

साकोलीला महामार्ग सोडा. एखाद्या टपरीवर चहा-नाश्ता उरकून घ्या, पाण्याच्या बाटल्या भरा, कारण पुढे दुकानं तुरळक. नागझिरा इथून वीसेक किलोमीटर. रस्ता अरुंद होतो, गाडीचा वेग आपोआप कमी होतो. आता गाणी बंद करा. अगदी तुमचं सगळ्यात आवडतं गाणं लागलं असलं तरी! पुढचा तासभर रेडिओचं काम जंगल करणार आहे.

पाट्यांवरची गावांची नावं वाचत चला. पिटेझरी. उमरझरी. तिकडे गोंदियाच्या बाजूला मंगेझरी. आणि नागझिरा. काही लक्षात आलं? सगळीकडे झरी आणि झिरा! डोंगराच्या पोटातून बारा महिने पाझरणारं पाणी. लोकांनी गावाचं नाव राजावरून नाही ठेवलं, पाण्यावरून ठेवलं. नागझिऱ्याला तलावाजवळ असाच एक झरा आहे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. ‘नाग’ कुठला, यावर मात्र दोन मतं आहेत. एक म्हणतं साप. दुसरं म्हणतं हत्ती, कारण संस्कृतात नाग म्हणजे हत्तीसुद्धा. ‘छे, इथं कुठले हत्ती?’ असं म्हणून लोक हसत. पण २०२१मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा एक कळप गडचिरोलीत उतरला आणि २०२२च्या अखेरीस चालत चालत गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत पोचला! धानाच्या शेतांची फार नासाडी झाली, लोकांची झोप उडाली. हत्तींच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं हसू मात्र थांबलं, एवढं खरं.

हे साग-बांबूचं मिश्र रान. झाडं ओळखायचा खेळ खेळा. ज्याच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखे चौकोन, तो ऐन. इथं त्याला ‘येन’ म्हणतील. ज्याचं खोड पांढरंफटक आणि चांदण्या रात्री भुतासारखं दिसतं, ते करू, म्हणजे कांडोळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही पान नसताना आग लागल्यासारखा केशरी दिसतो, तो पळस. आणि मोह तर ओळखायलाच नको. मार्च-एप्रिलात त्याचा गोडसर वास लांबूनच येतो. पहाटे टपटप फुलं पडतात आणि ती वेचायला अख्खी घरं टोपल्या घेऊन जंगलात जातात. पण मोह अस्वलालाही तेवढाच आवडतो! तुम्ही खाली वाकून फुलं वेचताय आणि झाडाच्या पलीकडे तेच काम अस्वल करतंय... ही काही विनोदाची गोष्ट नाही. इथं अशी माणसं दरवर्षी जखमी होतात. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कुणी पेटवला तर तीच आग पसरत रानभर जाते. मोहफुलं, तेंदूपत्ता, चारोळी यांवर इथल्या पुष्कळ घरांचे चार पैसे अवलंबून आहेत, तेव्हा ‘जंगलात जाऊ नका’ एवढं सांगून भागत नाही.

पिटेझरीचं फाटक आलं. इथं आपली गाडी थांबते आणि आपण वनखात्याच्या नियमांत शिरतो. सोबत गाईड घ्यायचा, ठरलेल्या वेळेतच आत जायचं आणि ठरलेल्या वेळेत बाहेर यायचं, खाली उतरायचं नाही. आत गाडीचा वेग सायकलपेक्षा थोडा जास्त, बस्स. नागझिरा १९७०मध्ये अभयारण्य झालं. पुढे नवं नागझिरा, कोका, नवेगाव असे सगळे तुकडे एकत्र जोडून डिसेंबर २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, महाराष्ट्रातला पाचवा.

‘वाघ दिसेल का हो?’ हा पहिला प्रश्न तुम्ही गाईडदादांना विचारणार, मला माहीत आहे. विचारा. ते हसतील. पण सगळा वेळ फक्त वाघ शोधत बसलात तर रानगव्याचा कळप बघायचा राहील. हजार किलोच्या आसपासचा बैल, काळा कुळकुळीत आणि पायांत पांढरे मोजे! रानकुत्रीही इथं आहेत. ती भुंकत नाहीत, शीळ घालून एकमेकांना बोलावतात. चितळांचा ‘कुक्’ असा इशारा ऐकला की गाडी थांबते, इंजिन बंद होतं आणि सगळ्यांचे श्वासही. वानर वरून खोकल्यासारखं खकरतं. मोराची आरोळी येते. म्हणजे जवळ कुठं तरी बिबट्या नाहीतर वाघ. दहा मिनिटं काहीच घडत नाही. एखादं पान पडतं. मला विचाराल तर सगळ्या प्रवासातली सर्वांत भारी दहा मिनिटं हीच. मग वाघ दिसो न दिसो.

लेखक व्यंकटेश माडगूळकर असेच इथं मुक्काम ठोकून राहिले, एकट्यानं हिंडले आणि त्यावर त्यांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिलं. पक्षी अभ्यासक किरण पुरंदरे यांनी तर चारशे दिवस इथं काढले. आणि मारुती चितमपल्ली! वनखात्यातली त्यांची बरीच वर्षं नवेगावला गेली. पक्ष्यांची, माशांची, झाडांची गावाकडची नावं त्यांनी तिथल्या ढिवर-गोंड माणसांकडून टिपून घेतली आणि मराठीला दिली. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. तुमच्या शाळेच्या वाचनालयात ‘नवेगाव बांधचे दिवस’ असेल तर निघण्याआधी घेऊन ठेवा. नसेल तर बाईंकडे हट्ट धरा.

अंधार पडल्यावर

संध्याकाळी फाटकाबाहेर आलात. सूर्य बुटक्या डोंगरांमागे जातो आणि मग अंधार असा काही झपाट्यानं उतरतो, की शहरातल्या मुलांना घाबरायलाच होतं. रस्त्यावर दिवे नाहीत. आपल्या गाडीचेच दोन. आता सकाळच्या रांगेतल्या शांत बसण्यापेक्षा मोठं काम तुमच्याकडे आहे. ड्रायव्हरच्या शेजारी जो कुणी जागा राहू शकतो, त्यानं बसायचं आणि डोळे शोधायचे.

कुणाचे डोळे? हरिण, रानमांजर, बिबट्या... रात्री हिंडणाऱ्या बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. थोडासा प्रकाश आत गेला तरी तो थर त्याला परत उलटवतो, म्हणून त्यांना अंधारात दिसतं. त्याच थरामुळे हेडलाइट पडला की त्यांचे डोळे चमकतात. पण एवढ्या संवेदनशील डोळ्यांवर गाडीचा झोत पडला की काय होतं? प्राणी दिपून जातो. पळावं की थांबावं हे त्याला सुचत नाही. तो रस्त्याच्या मधोमध खिळून उभा राहतो. आपण म्हणतो, ‘वेडं आहे का हे, पळत का नाही?’ त्याला दिसतच नाही हो काही!

आता थोडं गणित करा. सुट्टी असली म्हणून काय झालं! ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जवळजवळ एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी २२ मीटर पुढे. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. झाले ५७. आणि खाली वळवलेल्या हेडलाइटचा उजेड पोचतो साधारण चाळीस-पन्नास मीटर! म्हणजे जे दिसतं, ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आता हेच ताशी ४०नं करा: ११ मीटर अधिक साधारण ९. वीस मीटरांत गाडी उभी. वेग निम्मा केला तर थांबायचं अंतर निम्म्याहूनही कमी होतं. का, ते विज्ञानाच्या सरांना विचारा. वेगाचा वर्ग हा शब्द ते नक्की काढतील.

हे गणित मी उगाच करायला लावलं नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात, रात्री एक तरुण वाघ रस्ता ओलांडत होता. एका गाडीची धडक बसली. लंगडत, घसटत तो कडेच्या झाडीत गेला. दुसऱ्या दिवशी त्याला उपचारांसाठी नागपूरला नेत होते, पण वाटेतच तो मेला. हा रस्ता म्हणजे नागझिऱ्यातून नवेगावकडे जायची वाघांची वाट. त्याच्या आधीही वाघ तिथून जात होते, आजही जातात. बिबटे, अस्वलं, साळिंदरं, साप किती मरतात, त्यांचं तर वर्तमानपत्रात नावही येत नाही.

उपाय नाही असं नाही. नागपूरहून सिवनीला जाणाऱ्या महामार्गावर, पेंचच्या जंगलात, गाड्यांचा रस्ता खांबांवर उचलून प्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या आहेत. लहानमोठ्या नऊ; त्यातली सर्वांत लांब ७५० मीटर. प्राणी त्या वापरतात का, हे बघायला शास्त्रज्ञांनी तिथं कॅमेरे लावले. २०१९मध्ये त्यात अठरा जातींचे प्राणी आले, त्यांत वाघही! वरून ट्रक धडधडत जातो आणि खालून वाघ आरामात चालतोय, असे ते फोटो आहेत. पण अशा वाटा बांधायला वेळ लागतो, भरपूर पैसा लागतो आणि त्या आधीच हव्या म्हणून भांडावंही लागतं. काकांनी वेग ४०वर आणायला मात्र काहीच लागत नाही. त्यांनी ऐकलं नाही तर मागून वरचं गणित मोठ्यानं म्हणून दाखवा. आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा!

साकोलीपर्यंत असंच हळू जायचं. वाटेत रस्त्याच्या अगदी मधोमध, जमिनीलगत, विझत आलेल्या निखाऱ्यासारखे दोन ठिपके चमकतील. सिगारेटचं थोटुक नव्हे ते. तो रातवा. मातीच्या, पाचोळ्याच्या रंगाचा पक्षी. दिवसा तुम्ही त्याच्यावर पाय दिलात तरच दिसेल इतका बेमालूम. दिवसभर तापलेली डांबर त्याला ऊबदार वाटते, म्हणून तो रात्री रस्त्यावर येऊन बसतो आणि तिथूनच झेप घेऊन किडे टिपतो. हॉर्न वाजवू नका. काकांना म्हणा, गाडी थांबवा, दिवे जरा बारीक करा. पाच-दहा सेकंद. तो आवाज न करता वर उठेल, झोतातून एक गिरकी घेईल... आणि वीस पावलांवर पुन्हा रस्त्यातच जाऊन बसेल!